शाईची यादी, पेन्सिलची यादी

‘यादी पे शादी’. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे तीन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. सकाळी मंडळी बैठकीला येतात, पोहे होतात, दोन्हीकडची वडीलधारी माणसं कागद-पेन घेऊन बसतात, यादी होते, आणि सगळं जुळून आलं तर संध्याकाळी लग्नही उरकून टाकतात. यमक आहे म्हणून आपण हसतो, पण मला खरी गंमत वाटते ती क्रमाची. यादीवर सह्या झाल्या की लग्न ठरलं. अक्षता नंतर कधीही पडल्या तरी चालतात!

‘यादी’ हा शब्द फारसी ‘याद’वरून आलेला, याद म्हणजे आठवण. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या कितीतरी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण यादी, तपशील, हिशेब, खर्च, बाकी ही मंडळी काही मराठीतून हलली नाहीत. लग्नघरात तर ती ठाण मांडूनच बसली. (‘खर्च’ तेवढा हलला असता तर समस्त वधूपित्यांनी पेढे वाटले असते. असो.)

गेले काही महिने मी आमच्या घरातल्या जुन्या याद्या वाचत बसले आहे. का, ते पुढे येईलच. पण त्या वाचता वाचता झालं असं की इतिहासातल्या मोठमोठ्या समारंभांकडेही मी यादीच्या बाजूनं बघायला लागले. आणि एकदा तसं बघायची सवय लागली की सनावळीत न दिसलेली माणसं दिसायला लागतात.

आता रायगडचंच घ्या. ६ जून १६७४. सिंहासन, नद्यांचं पाणी, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन, हे सगळं आपण शाळेत शिकलो. पण त्या सोहळ्यामागे एक पोथी होती, ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. गागाभट्टांनी या प्रसंगासाठी ‘राज्याभिषेकप्रयोग’ रचला. ‘प्रयोग’ म्हणजे आजच्या भाषेत विधीची चेकलिस्टच. आधी काय, नंतर काय, कशाला काय लागेल. लिहून काढणं भाग होतं, कारण मराठी मुलखात असा अभिषेक डोळ्यांनी बघितलेलं माणूस हयात नव्हतं. आपल्याकडे कसं, काही अडलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. इथे विचारणार कुणाला?

शिवाय मुख्य दिवसाआधीची कामं होतीच. महाराजांची मुंज व्हायची राहिली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या राजाची मुंज २९ मे रोजी लागली, दुसऱ्या दिवशी राण्यांशी पुन्हा समंत्रक लग्नं झाली, आणि मग अभिषेक. क्रम म्हणजे क्रम, तिथे छत्रपतींचीही सुटका नाही.

आणि मग प्रत्येक कार्यानंतर जे होतं तेच तिथेही झालं. ‘हे राहिलं, ते राहिलं’ म्हणणारं कुणीतरी निघालं! निश्चलपुरी गोसावी नावाचे एक तांत्रिक साधू होते. त्यांचं म्हणणं ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात आलेलं आहे. गागाभट्टांनी केलेल्या विधीत इथल्या देवतांचा मान राहून गेला, म्हणून अपशकुन झाले, अशी त्यांची तक्रार. अभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला जिजाबाई गेल्या होत्या. अशा वेळी ही तक्रार कानामागे टाकणं सोपं नसणार. शेवटी २४ सप्टेंबर १६७४ ला रायगडावर दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला.

शाळेत हा दुसरा राज्याभिषेक बहुधा एका ओळीत उरकतात, नाहीतर गाळतातच. मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. काशीहून आलेल्या पंडितांची यादी त्यांच्या शास्त्राप्रमाणे पुरी होती, पण इथल्या माणसाच्या लेखी ती अपुरी होती. शंभर माणसं जेवून गेली तरी शेजारच्या आळीतली आत्या रुसून बसलेली असतेच, आणि ती का रुसली याचं उत्तर यादी करणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, कारण त्याच्या यादीत ती कधी नव्हतीच. महाराजांनी वाद घातला नाही. दोन्ही याद्या पुऱ्या केल्या. यजमान शहाणा होता.

पेशवाईत आलो की याद्यांचा पूरच. मोडीतले कागद, कलमं, तपशील, बेरजा. सवाई माधवरावांचं लग्न १० फेब्रुवारी १७८३ ला पुण्यात लागलं. नवरदेव आठ वर्षांचे, नवरी थत्त्यांची रमाबाई. नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली झालेल्या या कार्याच्या व्यवस्थेची यादी छापून प्रसिद्ध झालेली आहे. सालबाईचा तह नुकता झालेला, इंग्रजांशी लढाई संपलेली, आणि कारभाऱ्याचं बारीक लक्ष मांडवाकडे आणि पाहुण्यांच्या सरबराईकडे! पण नानांना ते किरकोळ वाटलं नसणार. पुण्याच्या दौलतीत सगळं ठीकठाक आहे हे बाहेरच्या जगाला दाखवायची जागा पंगत हीच होती.

मला मात्र या सगळ्या शाही याद्यांपेक्षा एक अगदी छोटी यादी जास्त आवडते. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. (पुन्हा २४ सप्टेंबर! योगायोग, बाकी काही नाही.) त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचं. पुरोहित नाही, त्यामुळे दक्षिणा नाही, हुंडा नाही, खर्च काय तो पानसुपारीचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या लग्नघरात यादी करायला कुणी बसलं असेल तर त्याचं काम मिनिटभरात संपलं असेल. पण ती मिनिटभराची यादी काही लोकांना फार जड गेली. पुढे ओतूरला भटजीशिवाय लग्नं लागली, तेव्हा गावच्या जोश्यांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला, आणि तो भांडत भांडत थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. यादीतली एक ओळ खोडली, तर ती ओळ ज्याच्या पोटाला जाते तो कोर्टात जातो! यादीत काय घातलं जातं ते सगळे बघतात. काय खोडलं गेलं ते बघितलं की खरा इतिहास हाताला लागतो, असं माझं आपलं मत.

आता घरच्या वहीकडे येते.

आमच्या थोरल्या आत्याचं लग्न १९६६ सालच्या वैशाखात साताऱ्याला झालं. आजोबा कचेरीत कारकून. त्यांनी कार्याची वही घातली ती अगदी सरकारी थाटात. लाल कापडी पुठ्ठा, समासाची रेघ, कलम, तपशील, रक्कम, शेरा. निळीकाळी शाई आणि मोत्यासारखं अक्षर. निमंत्रणं, मांडव, वाजंत्री, भटजी, मानपान, आहेर, सगळं ओळीनं. वही पालथी करून मागच्या बाजूनं उघडली की दुसरी यादी सुरू होते. ती पेन्सिलीनं लिहिलेली, आजीची. आजी चौथीपर्यंत शिकलेली, ऱ्हस्वदीर्घाशी फार भांडण नाही, आणि कुठेही रकाने नाहीत.

दोन्ही याद्या एकाच लग्नाच्या आहेत यावर मात्र पटकन विश्वास बसत नाही.

आजोबांच्या यादीत ‘बुंदीचे लाडू’ असं एक कलम आहे. आजीच्या यादीत तेच असं येतं: ‘बुंदी, परमीट मीळालं तर. नाहीतर गव्हाची खीर गुळाची.’ त्या वर्षांत साखर रेशनवर, लग्नकार्याला जास्तीची साखर हवी तर पत्रिका दाखवून परमिट काढायचं. शाईच्या यादीत निर्णय आहे, पेन्सिलच्या यादीत तो निर्णय फसला तर काय करायचं ते आहे. (परमिट मिळालं. पण खीरही केलीच, कारण गहू आधीच भिजत घातले होते!)

किंवा भांडी. आजोबांकडे एक ओळ, ‘भांडीकुंडी व्यवस्था’. आजीकडे दोन पानं. कुठल्या आळीतून कुठलं पातेलं, परात किती, झारा कुणाचा, ओगराळी किती, कुणाच्या तपेल्याला आधीपासूनच पोचा आहे तेसुद्धा (म्हणजे नंतर वाद नको). प्रत्येकापुढे बरोबरची खूण. आधी मला वाटलं, भांडं आलं की खूण केली असेल. पण आत्या म्हणाली, “छे गं, परत पोचवलं की खूण. आणल्याची कसली खूण करायची? आणलेलं दिसतंच की समोर.”

हे ऐकून मी थबकले. कारण चेकलिस्टचा जो जगप्रसिद्ध इतिहास सांगतात त्याचा गाभा हाच आहे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत ओहायोमधल्या राईट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं कोरं विमान उडालं आणि लगेच कोसळलं. वैमानिक अनुभवी, विमानात दोष नाही. जमिनीवर असताना वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहिलं होतं, एवढंच. त्यानंतर वैमानिकांसाठी छापील चेकलिस्ट आली. न दिसणाऱ्या, हमखास राहून जाणाऱ्या गोष्टींची. पुढे अतुल गावंदे या शल्यचिकित्सकानं (वडील आपल्या विदर्भातले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कल्पना ऑपरेशन थिएटरमध्ये नेली. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात एक दिल्लीचं होतं. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. आजीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, “त्यात काय एवढं?” :)

पण वहीतली खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती लिहावी की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. हे वाचणाऱ्यांत निम्मे घरचेच आहेत. आत्यानं ‘लिही’ म्हटलं, म्हणून लिहिते आहे.

आजोबांना एक थोरली बहीण होती. बालविधवा. जन्मभर आमच्याच घरी राहिली. शाईच्या यादीत ‘ओटी भरणे’ या कलमाखाली एक्कावन्न सवाष्णींची नावं आहेत, मानाच्या क्रमानं. त्यात तिचं नाव असणं शक्यच नव्हतं. पण ते इतर कुठेही नाही. साड्यांच्या यादीत नाही, मुहूर्तमेढीला नाही, मानपानात नाही. आजोबांच्या वहीवरून लग्नाचा इतिहास लिहायचा ठरवला तर ही बाई त्या घरात राहतच नव्हती.

पेन्सिलच्या यादीत ‘वन्सं’ हा शब्द मी मोजला. एकोणीस वेळा आहे. ‘कोठीची किल्ली वन्संकडे.’ ‘विरजण वन्सं.’ ‘रात्री डाळ भीजत वन्सं.’ ‘आचाऱ्याला तूप काढून देणे वन्सं, दुसऱ्या कोणी देऊ नये.’ चार दिवस दीडशे-दोनशे पानं उठत होती आणि त्या सगळ्याची किल्ली जिच्या कमरेला होती, ती लग्न लागताना कोठीघरातच होती. आत्याला हे पक्कं आठवतं, कारण अक्षता पडल्यावर ती पहिल्यांदा तिथेच नमस्काराला गेली, आणि त्यावरून मांडवात थोडी कुजबुज झाली.

दुसरी गोष्ट पैशाची. आमच्या घराण्यात एक वाक्य पिढ्यानपिढ्या अभिमानानं सांगितलं जातं, ‘आपल्याकडे हुंडा दिला नाही, घेतला नाही.’ मीही कॉलेजात असताना वादात हे वाक्य मोठ्या तोऱ्यात टाकलेलं आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणजे आत्याच्या लग्नापर्यंत त्याला पाच वर्षं होऊन गेलेली. कचेरीतला माणूस कायदा मोडेल कसा? शाईच्या यादीत हुंडा हा शब्द कुठेही नाही. एक कलम मात्र आहे. ‘वरपक्षाचा प्रवासखर्च, रु. १५०१.’

वऱ्हाड कऱ्हाडहून आलं होतं. कऱ्हाड ते सातारा, जेमतेम पन्नास किलोमीटर, तेही एस्टीनं. १९६६ सालच्या दीड हजारात ते वऱ्हाड काशीला जाऊन, गंगेत डुबकी मारून परत आलं असतं.

आणि मागून उघडलेल्या वहीत, किराणा मालाच्या मधोमध, ‘लवंग’ आणि ‘द्रोण’ यांच्यामध्ये पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ आहे. ‘पाटल्या २ दील्या.’

मी आत्याला विचारलं, “कुणाला दिल्या? तुला?”

“मला कुठल्या? सराफाला,” आत्या म्हणाली. “मला तरी कुठे माहीत होतं? अकरा वर्षांनी कळलं, आईच्या हातात काचेच्या का म्हणून विचारलं तेव्हा. ह्यांना तर मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांनी कधी एक पैसा मागितला नव्हता गं. थोरल्यांचं थोरल्यांत ठरलं होतं.”

आजोबा वाईट माणूस नव्हते, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. मुलीला मॅट्रिक करणारे, तिला नोकरी करू द्या म्हणून बैठकीत सांगणारे. पण त्यांची यादी ही चार माणसांत उघडून दाखवायची यादी होती, आणि त्यात काय दिसू द्यायचं नाही हे त्यांनी कारकुनी हुशारीनं ठरवलं होतं. आजीची यादी कुणीच बघणार नव्हतं, म्हणून ती जसं झालं तसं लिहीत गेली.

सरकारलाही हे ‘प्रवासखर्चा’चं गणित कळलेलं असावं. १९८५ साली हुंडाबंदी कायद्याखाली खास याद्यांचेच नियम आले, २ ऑक्टोबरपासून लागू. वधूला मिळालेल्या भेटींची एक यादी, वराला मिळालेल्यांची दुसरी. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली सही. ते नियम आजही आहेत. पण ‘यादी पे शादी’ करणाऱ्या आपल्या समाजात ही कायद्याची यादी केलेलं एकही लग्न मी बघितलेलं नाही. आहेराची वही मात्र प्रत्येक घरात असते. कुणी किती घातले, म्हणजे त्यांच्याकडे आपण किती घालायचे. तो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चोख!

तर, हे सगळं उकरून काढायचं कारण. आत्याचं सहस्रचंद्रदर्शन. ८० वर्षं आणि वर जवळजवळ दहा महिने झाले की हजार पौर्णिमा होतात, तो सोहळा. आम्हा भावंडांनी फोनवर एक सामाईक यादी केली. पुण्यातला एक, बंगळुरातली एक, न्यू जर्सीतला एक, प्रत्येक जण आपापल्या वेळेला ओळी वाढवतो आहे. सत्याऐंशी ओळी झाल्या. हॉल, केटरर, भटजींनी पाठवलेली पूजासाहित्याची यादी, फोटो, येणाऱ्यांच्या गाड्या. अशा वेळी आजीनं काय काय लिहून ठेवलं होतं ते बघावं, म्हणून मी ती वही काढली होती.

आत्याला फोनवरचं वाचवत नाही. म्हणून मी यादी मोठ्या अक्षरात छापून तिच्या हातात दिली. तिनं दोन दिवस ठेवून घेतली आणि परत केली तेव्हा कागदावर पेन्सिल फिरलेली होती. ‘स्टेज सजावट’ खोडलं होतं. ‘आहेर’ खोडलं होतं. केटररच्या यादीत ‘गव्हाची खीर, गुळाची’ वाढवलं होतं. ‘सवाष्णींची ओटी’ यातला पहिला शब्द खोडून पुढे लिहिलं होतं, ‘सगळ्यांची भरायची. कोणाला काही विचारत बसू नका.’

आणि अगदी तळाशी, सत्याऐंशीच्या खाली, स्वतःचं एक नवं कलम घातलं होतं. ‘प्रवासखर्च, ज्याचा त्याने.’ पुढे बरोबरची खूण.